आधी त्याचं सांगायचं

आमच्या गावात सगळं दोन होतं. दोन डेअऱ्या, दोन गिरण्या, दोन तालमी, दोन गणपती. तासगावहून येणारी एसटी फाट्यावर थांबायची, तिथं कमानीसुद्धा दोन होत्या. एकीवर तात्यांच्या वडलांचं नाव, दुसरीवर आबांच्या. तात्यांचा तो वरचा गट, आबांचा खालचा. आम्ही खालचे. म्हणजे आमचं दूध खालच्या डेअरीत जायचं, दळण खालच्या गिरणीत. वरच्या गिरणीत चिटपाखरू नसलं तरी मी डोक्यावर डबा घेऊन खालच्या गिरणीपुढं रांगेत उभी असायची, आणि त्यात काही चुकतंय असं मला कधी वाटलं नाही. पहाटे औषध फवारणाऱ्या ट्रॅक्टरांचा घुरघुर आवाज दोन्ही बाजूंनी सारखाच यायचा, पण पप्पा अंथरुणातूनच सांगायचे, हा आपल्यातला, हा त्यांच्यातला. आवाजावरून ट्रॅक्टर ओळखणारी माणसं होती ती. एकमेकांची इतकी बारीक माहिती मैत्रीतसुद्धा असत नाही.

भांडण सुरू कशावरून झालं हे मला कुणी धड सांगू शकलं नाही. कुणी म्हणायचं सोसायटीची निवडणूक, कुणी म्हणायचं पाण्याची पाइपलाइन. दोन गोष्टी मात्र गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होत्या. वरच्या गटातले दिनकरअण्णा फौजेत असताना त्यांची घडांनी लगडलेली द्राक्षाची बाग कुणीतरी एका रात्रीत बुंध्यापासून तोडली. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत खालच्या गटातल्या जालिंदरकाकांच्या थोरल्या भावाला, डेअरीत दूध घालून परतताना गाठून इतकं मारलं, की तो पुढं जगला तेवढी वर्षं ओसरीवर पाय पसरून बसूनच जगला. कोर्टात दोन्हीकडचे साक्षीदार फिरले आणि दोन्ही केसी सुटल्या. कोर्टातून सुटलेलं सगळं मग गावात येऊन राहिलं. हे सगळं माझ्या जन्माच्या आधीचं, पण मला ते इतकं स्पष्ट दिसायचं की मी तिथं होते असंच वाटायचं.

पप्पा आबांचे कार्यकर्ते. आबांच्या गाडीत मागच्या सीटवर खिडकीजवळची जागा त्यांची ठरलेली. पेरणी, छाटणी, माझी शाळा, कशाहीपेक्षा ती जागा त्यांना जपायची असायची. आई शांत बाई होती. शैला तिचं नाव. तिच्या हातचा अख्खा मसूर सगळ्या भावकीत नावाजलेला, आणि घरी कुणीही आलं, मग आबा असोत की म्हशीचा व्यापारी, ती आधी चुलीवरचं काय आहे ते वाढायची आणि मग बोलायची. गावचं सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं तेव्हा आबांनी आमच्या सोप्यात बसून, मसूर-भाकरी खाता खाताच, तिचं नाव ठरवलं. तिला विचारलं नाही. आई तेव्हा तव्यावरची भाकरी उलटत होती. निवडून आल्यावर तिनं फक्त सह्या करायच्या होत्या. ग्रामपंचायतीत तिच्या खुर्चीत पप्पाच बसायचे आणि आई बाजूच्या बाकावर, मांडीवर पर्स घेऊन.

साताऱ्याला महिला सरपंचांचं प्रशिक्षण होतं. इतरवेळी पप्पा बरोबर गेले असते, पण आबांच्या घरचं लग्न तोंडावर होतं आणि पत्रिका वाटायच्या होत्या, म्हणून आईबरोबर मला धाडलं. मी तेव्हा बारावी होऊन घरी बसलेली, सांगलीच्या कॉलेजात जायचं की नाही याचा निकाल लागायचा होता. हॉलमध्ये पंखे गरगरत होते आणि बायका डुलक्या घेत होत्या. शिकवायला आलेल्या एक बाई दुपारच्या सत्रात म्हणाल्या, भांडण असलेल्या दोन माणसांना समोरासमोर बसवायचं. पण आपली बाजू मांडायची नाही. आधी समोरच्याचं गाऱ्हाणं आपल्या तोंडानं सांगायचं, ‘मी’ म्हणून, जणू आपणच तो आहोत असं. तो ‘व्हय, हेच माझं म्हणणं’ म्हणेपर्यंत सांगत राहायचं. मगच पाळी बदलायची. बायका हसल्या. एक म्हणाली, ‘‘बाई, आमच्यात असं केलं तर डोकी फुटतील.’’ त्या बाई म्हणाल्या, ‘‘डोकी तर आत्ताही फुटतातच की.’’ आई हसली नाही. येताना एसटीत ती खिडकीला डोकं टेकून बसली होती. मला वाटलं झोपली. कराडच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा ती एकदम म्हणाली, ‘‘दिनकरअण्णाचं कुणी असं ऐकून घेतलं असंल का गं कवा?’’

पहिला प्रयोग तिनं पप्पांवरच केला. रात्रीची जेवणं चालली होती. ती म्हणाली, ‘‘आवं, माझं काय म्हणणं हाय ते तुमी सांगा बगू. म्या सांगणार न्हाई.’’ पप्पांना गंमत वाटली. म्हणाले, ‘‘तुझं म्हणणं, मी तुझ्या खुर्चीवर बसतो.’’

‘‘मी म्हणून सांगा.’’

‘‘मी शैला. माझा नवरा माझ्या खुर्चीवर बसतो.’’ ते हसले. आई म्हणाली, ‘‘अजून.’’ त्यांनी कांदा फोडला, तोंडात टाकला, आणि मग जरा हळू आवाजात म्हणाले, ‘‘आणि मला कोण काय इचारत न्हाई.’’

‘‘व्हय,’’ आई म्हणाली. ‘‘आता तुमचं. मी विलास. आबांनी गाडीत घेतलं म्हणून मला चार माणसं वळखत्यात. उद्या आबांनी गाडीतनं उतरवलं, तर मी कोणच न्हाई.’’

 पप्पा व्हय म्हणाले नाहीत आणि न्हाईही म्हणाले नाहीत. हात धुवून बाहेर गेले आणि बराच वेळ अंगणात आपली मोटरसायकल पुसत बसले. पण दुसऱ्या दिवसापासून ते ग्रामपंचायतीत बाकावर बसायला लागले आणि मला सांगलीचा प्रवेशअर्ज आणायला सांगितलं. मी आज या वयात कितीही निराश झाले तरी ते दोन-तीन महिने मला खोटे ठरवता येत नाहीत. आमच्या घरात तेव्हा एक वेगळंच बोलणं सुरू झालं होतं.

जालिंदरकाका पप्पांचे लहानपणापासूनचे मित्र, भावकीतलेच, खालच्या डेअरीचे सचिव. उंच, हसरे, माझ्या नावाची प्रत्येक वेळी नवी वाट लावणारे. वर्षाची ‘वर्षी’, ‘वर्षूताई’, ‘पावसाळा’. ते आईला नाही म्हणू शकले नाहीत. ‘‘वहिनी, माझा भाऊ तर गेला. आता कुणासाठी जपायचं हे? बसतो.’’ दिनकरअण्णांना तयार करायला जास्त दिवस लागले. हवालदार म्हणून निवृत्त झालेला ताठ माणूस. आई तीनदा त्यांच्या बांधावर गेली. खालच्या गटाची बाई वरच्या बांधावर उभी राहते याचीच गावात चर्चा. ते म्हणायचे, ‘‘वहिनी, ये सब फौज में नहीं चलता. दुश्मन म्हंजे दुश्मन.’’ शेवटी एक दिवस म्हणाले, ‘‘त्यो आधी बोलणार असंल तर येतो.’’

बसायला जागा रशीदभाई मुलाणींनी दिली. त्यांच्या शेडवर दोन्ही गटांचा बेदाणा सुकायचा, त्यामुळे त्यांना कुठल्याच गटात जाणं परवडणारं नव्हतं. श्रावणात शेड रिकामीच असते. जाळ्यांचे कप्पे गुंडाळून ठेवलेले, हिरवं शेडनेट वाऱ्यानं फडफडत होतं, आणि मालाला लावायच्या तेलाचा वास लाकडात मुरलेला. खुर्च्या आणल्या होत्या, पण दोघंही पोत्यांवर बसले. आई मध्ये, मी तिच्यामागं. दिनकरअण्णांना मोटरसायकलवरून घेऊन आलेला त्यांचा पुतण्या अमोल शेडच्या दाराशी टेकून उभा होता. बाकी कुणी नाही.

जालिंदरकाकांनी सुरुवात केली. ‘‘मी दिनकर. मी फौजेत होतो. माझी बाग तोडली. माझं नुकसान झालं.’’ दिनकरअण्णांनी मान हलवली. ‘‘न्हाई. हे न्हाई.’’ काकांनी परत सांगितलं, कर्जाचं घातलं, पुन्हा लावायला लागलेल्या वर्षांचं घातलं. ‘‘न्हाई.’’ आई म्हणाली, ‘‘अण्णा, तुमी सांगा, मग ते सांगतील.’’  अण्णा जाळीकडं बघत म्हणाले, ‘‘मी सुट्टीवर आलो तवा आमच्या आईनं घरात आडव्या दोऱ्या बांधल्या हुत्या. तोडलेलं हिरवं घड पाटीत गोळा करून आणलं हुतं आणि दोरीला टांगलं हुतं. पिकतील म्हणत हुती. सगळं घर आंबूस झालेलं. म्या म्हणलं, आई, ते पिकत नसतंय गं. तर मला म्हणली, तू गप.’’

काका खाली बघत होते. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली, आणि या वेळी त्यांचा आवाज वेगळा होता. हिरवे घड सांगितले, दोऱ्या सांगितल्या, ती म्हातारी सांगितली. आणि पुढं म्हणाले, ‘‘माझी बाग खालच्या गटानं तोडली. आबांच्या शब्दाबिगर त्या गटात पान हालत न्हाई. आबांना सगळं ठावं हुतं. ज्यांनी तोडली ती माणसं अजून माझ्यासमोरनं ताठ मानेनं जात्यात, आणि मी काय करू शकलो न्हाई.’’

‘‘व्हय,’’ दिनकरअण्णा म्हणाले. ‘‘हेच.’’ त्यांनी टोपी काढली, तोंड पुसलं आणि एकदम हसले, लहान मुलासारखे. ‘‘च्यायला जालिंदर, तू तर माझ्यापेक्षा बरं सांगतोस की रं!’’ तोवर दुधाची वेळ झाली होती. रशीदभाईंनी चहा आणला. दिनकरअण्णांनी काकांच्या भावाचं सांगायचं, ते पुढच्या सोमवारी, असं ठरलं. परतताना आई इतक्या भरभर चालत होती की मला पळावं लागत होतं.

तो सोमवार आलाच नाही. दोन दिवसांनी सकाळी मी दूध घालायला गेले तर डेअरीपुढं घोळका, सगळ्यांच्या माना फोनवर. अमोलनं दारातून सगळं टिपलं होतं. त्यातला शेवटाकडचा तेवढा तुकडा कापून कुणीतरी पुढं पाठवला होता. ‘मी दिनकर’ त्यात नव्हतं. दोऱ्या नव्हत्या. फक्त जालिंदरकाकांचा चेहरा आणि ‘‘बाग खालच्या गटानं तोडली, आबांना सगळं ठावं हुतं.’’ वर लिहिलेलं, ‘अखेर सत्य बाहेर आलं. खालच्या गटाच्या सचिवाची कबुली.’ दुपारपर्यंत तासगावात पोचलं, संध्याकाळी सांगलीतून पप्पांच्या मेहुण्याचा फोन. आई दारोदार सांगत फिरली, की आवं, ते दिनकरअण्णाचं बोलत हुतं, तसंच ठरलं हुतं. लोक ऐकून घ्यायचे आणि विचारायचे, पण तोंड जालिंदरचंच न्हवं? हे समजावून सांगायला वेळ लागतो. तो तुकडा बघायला लागत नाही. मी तेव्हापासून आजपर्यंत यावर दुसरं उत्तर शोधते आहे, मला सापडलेलं नाही.

काकांना डेअरीतून काढलं. मग त्यांचं दूधच घेईनात. वरच्या डेअरीनंही घेतलं नाही, कारण माणूस शेवटी खालचाच. काकी दूध घरीच तापवून खवा करायची, आणि तोही घ्यायला कुणी नाही. मग छाटणीचे दिवस आले. छाटणी वेळेत झाली नाही तर त्या वर्षीचं पीक गेलं, हे आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. मजुरांची ठरलेली टोळी आली नाही. दुसरीही आली नाही. आई, मी, काकी आणि काका असे चौघं कात्र्या घेऊन बागेत उतरलो. छाटलेल्या काड्यांच्या डोळ्यांना, ते फुटावेत म्हणून, पेस्ट लावायला हातमोजे पुरेनात, काकींच्या बोटांची सालं गेली. रस्त्यानं जाणारे ट्रॅक्टर हळू व्हायचे, बघायचे आणि पुढं जायचे. पप्पा आले नाहीत. ते घरात होते. त्यांना आबांचा निरोप आला होता. अर्ध्याच्या आतच बाग छाटून झाली, बाकीची तशीच रानासारखी माजली.

आईनं मग शेवटचा उपाय म्हणून दिनकरअण्णांचं घर गाठलं. मी बरोबर होते. ते अंगणात फौजी खुर्चीवर बसले होते. त्यांनी आम्हाला आत बोलावलं नाही, पण उठून उभे राहिले.

‘‘अण्णा, तुमी एवढं सांगा. फकस्त एवढंच, की जालिंदर भावजी तुमचं म्हणणं सांगत हुतं.’’

‘‘वहिनी, खरं काय ते मला ठावं हाय. अमोलला म्या दोन लावल्या. त्येनं कुणाला तरी धाडलं, पुढं त्येच्या हातात न्हाई राहिलं.’’

‘‘मग सांगा की लोकांस्नी.’’

 ते म्हणाले, ‘‘आमची आई मेली तवर वाट बघत हुती, खालच्या कुणीतरी एकानं म्हणावं, व्हय, आमी तोडली. आमच्या सगळ्यांनी वाट बघितली. आता कुणाच्या तरी तोंडातनं ते आलंय. आमच्या घरात पोरं ते सारखं सारखं लावून ऐकत्यात. मी त्यास्नी कसं सांगू, की ते आपलंच बोलणं हाय म्हणून?’’

‘‘त्या माणसानं तुमच्यासाठी तोंड उघडलं हुतं.’’

‘‘व्हय. लय चांगला माणूस हाय,’’ ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. ‘‘पण बोलला ते खोटं हुतं का, वहिनी? तुमीच सांगा.’’

 आम्ही घरी आलो. आजही मी दिनकरअण्णांवर रागावायचा प्रयत्न करते आणि जमत नाही. तोच त्या सगळ्याचा सर्वांत वाईट भाग आहे.

अविश्वास ठराव आणायची वेळ आली नाही. एके दिवशी पप्पांनी राजीनामा लिहून आणला आणि ताटाशेजारी ठेवला. आई म्हणाली, ‘‘तुमचं म्हणणं सांगू का मी?’’ पप्पा ओरडले, माझ्या आठवणीत पहिल्यांदाच. ‘‘नगं सांगूस! कुणाचं काय सांगू नगंस आता. माझ्यावर दया कर.’’ आईनं सही केली. पप्पांची गाडीतली जागा राहिली. जालिंदरकाकांच्या घरावरून जायला लागू नये म्हणून ते मागच्या पांदीनं जायला लागले, आणि त्या दोघांत पुन्हा कधी शब्द झाला नाही. माझं कॉलेज तेवढं सुटलं नाही.

उन्हाळ्यात काका-काकी बाग बटाईनं देऊन सांगलीला गेले. तिथं एका कोल्ड स्टोअरेजला त्यांनी राखणदारी धरली. मी सांगलीत शिकत होते, तरी वर्षभर मला त्यांच्याकडं जायचा धीर झाला नाही. शेवटी आईच आली आणि आम्ही दोघी गेलो. आईनं मसूर, भाकरी आणि खर्डा बांधून आणला होता. खोली एवढीशी, बाहेर बेदाण्याच्या बॉक्सांच्या गाड्या लागलेल्या. काका वाळले होते. त्यांनी मला वर्षा म्हणून हाक मारली, सरळ, नीट. काकींनी डबा घेतला, आमच्यादेखत उघडला नाही.

काका आईशी वाईट वागले नाहीत. चहा दिला. पण बोलता बोलता त्यांचा आवाज चढत गेला. दिनकरला शिव्या, आबांना शिव्या, वरच्या-खालच्या दोन्ही गटांना. फोन काढून त्यांनी कसले कसले व्हिडिओ आम्हाला दाखवले. कुणीतरी कुणाविरुद्ध ओरडत होतं, गावं वेगळी, जाती वेगळ्या, धर्म वेगळे. एक संपला की दुसरा. ‘‘हे बगा वहिनी, ह्ये खरं. ह्या लोकांस्नी ठेचल्याबिगर न्हाई.’’ रशीदभाईंचंही नाव त्यात आलं, ज्यांनी त्या दिवशी फक्त चहा आणला होता. म्हणे शेड मुद्दाम दिली, डाव होता. आई म्हणाली, ‘‘भावजी, असं नगा बोलू. तुमी असं नव्हता.’’ काका म्हणाले, ‘‘नव्हतो न्हवं? एकदा दुसऱ्याचं ऐकून बघितलं, वहिनी. एवढं बास झालं.’’ आणि त्यांनी पुढचा व्हिडिओ लावला.

मी पुढं शिकवायला लागले. संवाद, सलोखा अशा विषयांवर मला कधीमधी बोलायला बोलावतात. ती पद्धत मी अजून सांगते, कारण तिच्यात खोट आहे असं मला आजही वाटत नाही. पण कुणी विचारलं, तुम्ही हे कुठं होताना पाहिलंय का, तर मी त्या श्रावणातल्या दुपारपाशी थांबते आणि पुढचं सांगत नाही.

काकांच्या खोलीवरून निघालो त्या दिवशी, सुट्टी लागली होती म्हणून, मीही आईबरोबर गावी निघाले. एसटीत गर्दी होती. तासगाव गेल्यावर बसायला जागा मिळाली, तेव्हा मी तिला विचारलं, ‘‘परत सरपंच झालीस तर परत करशील गं हे?’’

‘‘न्हाई,’’ ती लगेच म्हणाली. जणू कुणी विचारेल म्हणून कधीपासून तयारच होती. थोड्या वेळानं म्हणाली, ‘‘ते भांडण वाईट हुतं. पण त्यात जालिंदर भावजी हसत हुतं.’’

फाट्यावर उतरलो तेव्हा दिवे लागले होते. घरी पप्पा सोप्यात बसले होते, समोर टीव्ही चालू, आवाज बंद. आम्ही कुठं गेलो होतो हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण त्यांना माहीत होतं. आईनं पाय धुतले, चूल पेटवली, पीठ मळायला घेतलं. पप्पा दारापर्यंत आले. चौकटीला हात लावून उभे राहिले. तिच्याकडं न बघता त्यांनी विचारलं, ‘‘बरा हाय का?’’

आईनं भाकरी थापली, तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.

‘‘बरं हायती,’’ ती म्हणाली.

पप्पांनी मान हलवली आणि परत जाऊन टीव्हीपुढं बसले.